घरात शिरलेले कासव

ती घटना आजही आठवते, असे लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त पोलिसांची खोडच असते. पेन्शन सुरू झाली की प्रत्येकाला एक दरोडा, एक खून आणि हातातून निसटलेला एक आरोपी आठवू लागतो. माझ्या पोतडीतही ते सारे आहे. पण मला सांगायची आहे ती कासवाची केस. ऐकणारे आधी हसतात. "कासवाची कसली केस, साहेब?" त्या सकाळी ठाण्यात आम्हीही हसलो होतो.

माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी सातारा सोडून मद्रासला आले आणि इथलेच झाले. माझी शाळा तमिळ, घरातले बोलणे मराठी, आणि ती मराठी आईने कान पिळून शिकवलेली. पुढे राज्याच्या पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झालो. बढती मिळाल्यावर शहराच्या अगदी उत्तर टोकाला, एन्नोरच्या बाजूच्या एका किनारी ठाण्याचा ताबा माझ्याकडे आला. सन दोन हजार उलटून तीन-चार वर्षे झाली होती. त्या काळात चेन्नईत पाण्याचे असे हाल होते की लोक लॉरीची वाट देवासारखी पाहत.

आमच्या हद्दीत एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कारखाने आणि धुराच्या चिमण्या, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कोळ्यांच्या वस्त्या. वारा जमिनीकडून वाहू लागला की वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक राख बसायची. ठाण्यात सकाळी टेबल पुसल्याशिवाय कागद ठेवता येत नसे. गुन्हे म्हणाल तर दारू पिऊन मारामाऱ्या, जाळे फाडल्याची भांडणे, कारखान्याच्या आवारातून भंगाराची चोरी. समुद्राशी आमचा संबंध वाहून आलेल्या प्रेतापुरता.

त्याच सुमारास वन्यजीवांचा कायदा कडक झाला होता. समुद्री कासव आता वाघाच्या पंगतीला बसले होते. ते पकडले, मारले, बाळगले तरी किमान तीन वर्षांची शिक्षा, आणि जामीन महाकठीण. वरून परिपत्रक आले की खबर मिळताच किनारी ठाण्यांनी छापा घालावा आणि वन खात्याला कळवावे. आम्ही ते ठाण्यातल्या सूचनाफलकावर लावले. वस्तीतला माणूस ठाण्याच्या आत यायचा तो लॉकअपच्या वाटेवर, आणि त्या वेळी फलक वाचण्याची कोणाची मनःस्थिती नसते.

थंडीच्या महिन्यांत मादी कासवे अंडी घालायला आमच्या किनाऱ्याकडे येतात. दर वर्षी काही मेलेली वाहून येत. किनाऱ्याजवळ जाळी ओढणारे मोठे ट्रॉलर त्याला कारण, हे सगळ्यांना ठाऊक होते. ट्रॉलरने किती आत यायचे याचाही कायदा होता. तो पाहण्याचे काम दुसऱ्या खात्याकडे होते. त्या खात्याकडे गस्तीची एक बोट होती आणि ती बहुतेक वेळा दुरुस्तीला असे. मेलेली कासवे वस्तीतले लोक मुकाट्याने वाळूत पुरून टाकत.

अशाच एका सकाळी हजेरी चालू असताना ठाण्यातला फोन वाजला. हेड कॉन्स्टेबलने तो उचलला आणि थोडे ऐकून रिसीव्हरवर हात ठेवला.

"सार, कोणी म्हातारा आहे. घरात कासव आहे म्हणतो. येऊन घेऊन जा म्हणतो."

सगळे हसले. एकाने "भाड्याने राहायला आलंय का विचारा" असा टोमणाही मारला. मी फोन घेतला. पलीकडचे बोलणे तमिळ, ते मी इथे मराठीत देतो आहे; फक्त 'अय्या', म्हणजे आपले 'साहेब', तेवढे तसेच ठेवले आहे.

"कोण बोलतंय?" मी विचारले.

"ते राहू द्या, अय्या. जिवंत आहे अजून. लवकर या आणि न्या त्याला." त्याने वस्तीतल्या शेवटच्या गल्लीची आणि निळ्या दाराच्या घराची खूण सांगितली आणि फोन ठेवला.

खबरी खूप पाहिले मी. चुगली करणाऱ्याच्या आवाजाला एक चव असते, जिभेवर खडीसाखर ठेवल्यासारखी. सूड घेणारा घाईत बोलतो आणि नाव दोनदा सांगतो. या माणसाने कोणाचे नावच घेतले नव्हते आणि त्याच्या आवाजात विनवणी होती. हे तेव्हाच खटकले होते. पण खबर ती खबर, आणि परिपत्रक समोर लटकत होते.

जीप वस्तीत शिरली. निळ्या दाराचे घर म्हणजे सिमेंटच्या पत्र्याखालची एक खोली. चुलीच्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली कासव होते, मोठ्या परातीएवढे. पुढचा एक पाय जाळ्याच्या दोरीने चिरला होता. जखम जुनी, पांढुरकी पडलेली. डोळ्यांतून पाणी गळत होते. कासवाचे डोळे तसेही गळतात असे पुढे मला समजले, पण तेव्हा ते पाहून बरोबरची महिला कॉन्स्टेबल दोन पावले मागे सरली.

घरात मासे विकणारी एक तरुण बाई होती. नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता, असे नंतर कळले. तिच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी बसली होती. त्या पोरीच्या छातीतून शिटीसारखा आवाज येत होता आणि श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. बाई रडली नाही, काही नाकारले नाही. तिने पोरीला फक्त जवळ ओढले.

उंबऱ्याबाहेर, भर उन्हात, तिचा बाप उभा होता. कोणी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "कासव मी आणलं. ही माझी मुलगी, तिला काही माहीत नाही."

न विचारता कबूल होणारा माणूस काहीतरी झाकत असतो. तो स्वतःला झाकत नसतो, एवढे मात्र नक्की.

पंचनाम्याला, म्हणजे तिकडच्या भाषेत महजरला, शेजारचे कोणी पाय आत टाकेना. चोरीच्या पंचनाम्याला अख्खी वस्ती दारात गर्दी करते, आज मात्र सगळे दहा हात लांब उभे. शेवटी हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवरून दोन पंच आणावे लागले. माझ्या चार शिपायांनी कासव उचलून बाहेर काढले तेव्हा म्हातारा तोंड फिरवून उभा राहिला. ते जीपमध्ये ठेवल्यावर मात्र तो धावत आला.

"अय्या, समुद्र समोर आहे. सोडा त्याला. जगेल ते."

समुद्र खरोखर समोर होता. लाटांचा आवाज आमच्या बोलण्यात मिसळत होता. मी वन खात्याच्या रेंज अधिकाऱ्याला फोन लावला. तो शहराच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर होता, तिथे कासवांची अंडी जपण्याचे काम जोरात चाले. तो म्हणाला, हा मुद्देमाल आहे, मी पाहिल्याशिवाय आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय सोडता येणार नाही, ठाण्यात नेऊन ठेवा, मी निघतोच. त्याचे कायद्याने बरोबर होते. आम्ही समुद्राकडे पाठ करून ठाण्याकडे निघालो.

ठाण्याच्या पडवीत कासव ठेवले. त्या दिवसांत ठाण्याला लॉरीचे मोजके पाणी मिळे आणि त्यावरून शिपायांत रोज कुरबूर असे. त्या दिवशी मात्र कोणी सांगितले नसताना पोरांनी आपल्या वाटणीचे पाणी आणून त्याच्या पाठीवर ओतले. खाऱ्या पाण्यातल्या जिवाला गोडे पाणी चालते की नाही, आमच्यात कोणाला ठाऊक नव्हते. एकाने डब्यातला दहीभात काढून केळीच्या पानावर त्याच्यासमोर ठेवला. सकाळी टोमणा मारणारा तोच. कासवाने मान थोडी पुढे केली आणि तशीच खाली टाकली.

रेंज अधिकारी रहदारीतून वाट काढत पोचला तोवर सारे संपले होते. भला माणूस होता तो. कासवाशेजारी फरशीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"मादी आहे. पोटात अंडी असणार," तो म्हणाला. "तिकडे मी अंडी राखत होतो, आणि इकडे ही."

सरकारी पशुवैद्याने दुसऱ्या दिवशी फाडून पाहिले. अंडी होती.

म्हाताऱ्याला मी माझ्या खोलीत घेतले. तो जमिनीवर बसू लागला, त्याला बाकावर बसवले. चहा मागवला, त्याने शिवला नाही. चौकशीत आवाज चढवणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याला आपण घाबरवतो तो आपल्याला हवे ते सांगतो, आणि मग ते खोटे निस्तरण्यात आपले महिने जातात.

"कासव घरी कसं आणलं?"

"खांद्यावर टाकून."

"कुठल्या खांद्यावर?"

त्याने उजव्या खांद्याकडे बोट केले. आत येताना त्याने मला डाव्या हाताने नमस्कार केला होता. आयुष्यभर जाळी ओढून त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत पोचतच नव्हता.

"कशाला आणलं?"

"मांस विकायला."

"कोणाला?"

तो गप्प. मीही गप्प बसलो. पुष्कळ लोकांना चौकशीतली शांतता सोसत नाही, ती भरून काढायला ते बोलू लागतात. कोळ्यांवर ही युक्ती चालत नाही. दिवसचे दिवस ती माणसे न बोलता होडीत बसलेली असतात. मग मला वस्तीतले ते दहा हातांचे अंतर आठवले आणि लहानपणी रेल्वे क्वार्टर्सच्या शेजारणीकडून ऐकलेली म्हण माझ्या ओठांवर आली.

"आमै पुगुंद वीडुम्..." मी एवढेच म्हणालो.

"अमीना पुगुंद वीडुम् उरुप्पडादु," त्याच्या तोंडून आपोआप निघाले, आणि लगेच त्याने ओठ मिटले.

ज्या घरात कासव शिरले आणि ज्या घरात कोर्टाचा बेलीफ शिरला, त्या घराचे भले होत नाही, असा त्या म्हणीचा अर्थ. आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर कासव कोरलेले असते, देवाच्या आधी आपण त्याला नमस्कार करतो. इथेही समुद्रावर त्याचा मान मोठा. जाळ्यात सापडलेल्या कासवाला हे लोक कुंकू लावून पाण्यात सोडतात. पण उंबऱ्याच्या आत ते म्हणजे सर्वनाश.

"पेरियवरे," म्हणजे थोरले बाबा, मी म्हणालो, "तुमच्यासारखा माणूस स्वतःच्या हातानं कासव घरात आणणार नाही. आणि सकाळी फोन केलात तो तुम्हीच."

त्याचा चेहरा कोसळला. म्हातारा माणूस रडतो तेव्हा आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात. थोड्या वेळाने त्याने सगळे सांगितले.

नातीचा दमा वर्षभर चालला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने औषध दिले, तोंडाने ओढायचा पंप दिला आणि राखेपासून लांब राहा असे सांगितले. लांब म्हणजे कुठे, ते तो तरी काय सांगणार! मग कोणा जडीबुटीवाल्याने म्हाताऱ्याच्या मुलीला सांगितले की कासवाच्या चरबीचे तेल पाजले की छाती मोकळी होते. त्या पहाटे भरतीच्या रेषेवर जखमी कासव दिसले आणि तिने ते फाटक्या जाळ्यात घालून घरापर्यंत ओढत आणले. बाप किनाऱ्यावरून परतला तर चुलीशेजारी कासव.

"मी म्हटलं, घर बुडेल. ती म्हणाली, घर बुडालं तर बुडू दे अप्पा, पोरीचा श्वास चालू दे."

"मग तुम्हीच का नाही बाहेर काढलंत?"

"घरच्या माणसानं उचललं तर दोष घरातच राहतो, अय्या. परक्यानं न्यावं लागतं. वस्तीतलं कोण हात लावणार? पण कासव आता सरकारचं आहे असं सगळे म्हणत होते. सरकारचं आहे तर सरकारनं न्यावं. म्हणून मी फोन केला."

आग लागली की बंब बोलावतात तसे त्याने आम्हाला बोलावले होते. माणूस समुद्र जाणत होता, वारा जाणत होता, पण घरातले संकट न्यायला आलेली जीप घरातली माणसेही नेते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

"तिला धराल हे कुठं माहीत होतं?" तो म्हणाला. "माझं नाव लिहा, अय्या. पोरगी आडवी झाली की तिचा श्वास अडकतो. आई तिला उभी धरून बसते तेव्हा कुठे डोळा लागतो. आई आत गेली तर ती जगायची नाही."

मी म्हणालो, "मला जे घडलं तेच लिहावं लागेल."

"मग एक सांगा. त्या चिमणीच्या राखेसाठी फोन केला तर कोण येतं?"

मी म्हणालो की त्यासाठी वेगळे मंडळ आहे, त्याचाही कायदा आहे.

"ते जीप घेऊन येतात?"

"आधी पत्र पाठवतात."

त्याने मान हलवली. त्याला राग आला असता तर मला बरे वाटले असते.

मला जे उमगले ते मी रेंज अधिकाऱ्याला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "इन्स्पेक्टर सार, तुमच्यासमोर जे बोललं गेलं त्याला कोर्टात किंमत नाही. आमच्या वरच्या साहेबांसमोर तो जे सांगेल ते पुराव्यात जाईल. तिथं तो खरं बोलला तर मुलगी आत, खोटं बोलला तर तो आत. कासव गेलं, अंडी गेली. आता कोणीतरी आत जाणारच."

वन खात्याच्या वरच्या अधिकाऱ्यासमोर म्हाताऱ्याने तोच पाठ पुन्हा म्हटला. मी आणले, मांसासाठी आणले, तेव्हा मुलगी घरी नव्हती. मुलीला विचारले तेव्हा तिने बापाकडे पाहिले. तिचे ओठ हलले. म्हातारा वादळात होडीवरून ओरडावे तसा ओरडला, "गप्प बस! पोरीची शपथ आहे तुला." ती गप्प बसली. सही झाली, अंगठा उमटला, आणि म्हाताऱ्याची रवानगी मध्यवर्ती तुरुंगात झाली.

त्या दिवशी जेवताना मी आईला सगळे सांगितले. तिचा हात ताटातच थांबला.

"देवाच्या दारातला जीव रे तो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि तो म्हातारा?"

"आत आहे."

"अरे, त्यानं तर तुम्हाला मदतीला बोलावलं होतं."

आईने ताट बाजूला सारले.

जामीन फेटाळला गेला. कायदा नवा, वर्तमानपत्रांचे लक्ष, आणि पोटात अंडी असलेली मादी. अशा वेळी कोण जामीन देणार! इकडे वस्तीत बातमी पसरली ती अशी की म्हाताऱ्याने आपल्या हाताने कासव घरात आणले आणि चुलीशेजारी ठेवले. त्या हंगामात मासळी घटली. गावपंचायत बसली आणि ठरले की त्या घराशी देणेघेणे बंद. लिलावात त्याच्या मुलीला कोणी मासळी देईना. ती बसने लांबच्या बाजारात जाऊन मासे आणी आणि ओळख नसलेल्या वस्त्यांत विकी. ज्या गोष्टीची म्हाताऱ्याला मरणापेक्षा भीती होती, तीच त्याच्या नावावर चढली होती, आणि तीही त्याने स्वतः मागून घेतलेली.

खटला उभा राहण्याआधीच पावसाळ्याच्या तोंडावर त्याला ताप आला आणि सरकारी इस्पितळात तो वारला. अशा वेळी घरच्यांना कळवण्याचे काम स्थानिक ठाण्याकडे येते. एरवी हे काम मी शिपायावर सोपवत असे. त्या दिवशी मी स्वतः गेलो. मला पाहताच ती समजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या गाडीतून प्रेत आले. बंदोबस्त म्हणून मी दोन शिपाई घेऊन हजर होतो. घरासमोर तिरडी बांधून ठेवली होती, तीही तिनेच माणूस लावून बांधून घेतलेली. वाद्य नव्हते, हार नव्हते. वस्तीतले पुरुष होड्यांच्या सावलीत उभे होते, पण खांदा द्यायला कोणी पुढे येत नव्हते. ऊन चढत गेले. मी पंचायतीच्या प्रमुखाकडे पाहिले, त्याने नजर वाळूकडे वळवली.

तेव्हा ती घरातून बाहेर आली. कडेवरची मुलगी तिने शेजारच्या एका म्हातारीच्या हातात दिली. त्या म्हातारीने नकळत हात पुढे केले होते, आणि एकदा घेतलेले मूल परत देता येईना. मग ती बापाच्या पायाशी उभी राहिली आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. मासे विकणाऱ्या बाईचा आवाज तो.

"कासव मी आणलं. अप्पांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. ते घराबाहेर जावं म्हणून त्यांनी पोलिसांना फोन केला, आणि माझ्यासाठी तुरुंगात गेले. पोरीची शपथ घातली होती म्हणून मी आजवर तोंड उघडलं नाही. आज मोडते. दोष लागायचा तो मला लागू दे. त्यांना उचला."

कोणी हलले नाही. मग तिने माझ्याकडे पाहिले.

"तुम्हीही ऐकलंत, अय्या. मला न्यायचं असेल तर न्या. फक्त पोरीला भरवेपर्यंत थांबा."

मी आयुष्यात अनेक कबुलीजबाब ऐकले. बहुतेक सुटकेसाठी दिलेले असतात. हा एकच असा की तो देणाऱ्या बाईला स्वतःसाठी त्यातून काहीही मिळणार नव्हते.

पंचायतीच्या प्रमुखाने खांद्यावरचा टॉवेल काढून कमरेला बांधला आणि तो पुढे आला. त्याच्यामागे आणखी तिघे. त्यांनी म्हाताऱ्याला उचलले. होड्यांच्या सावलीतली बाकीची माणसे एकेक करून मागे चालू लागली, आणि कोणीतरी धावत जाऊन वाद्य वाजवणाऱ्यांना हाक मारली. मी टोपी काढून उभा राहिलो. ती बाई तिथेच वाळूत बसली आणि तेव्हा पहिल्यांदा रडली.

मी तिला नेले नाही, केस वन खात्याकडे गेल्यावर तसे करण्याचा मला अधिकारही नव्हता. पण तिने जे सांगितले ते शब्दन् शब्द लिहून मी वन खात्याला अहवाल पाठवला. काही आठवड्यांनी उत्तर आले. आरोपी मयत असल्याने प्रकरण संपुष्टात आले आहे, आणि सदर महिलेचे निवेदन पोलीस अधिकाऱ्यासमोर झाले असल्याने पुरावा म्हणून ग्राह्य नाही, तरी पुढील कारवाईची आवश्यकता नाही. म्हाताऱ्याचे खोटे योग्य अधिकाऱ्यासमोर सांगितले गेले म्हणून कायद्याने ते धरले, आणि मुलीचे खरे चुकीच्या अधिकाऱ्यासमोर सांगितले गेले म्हणून सोडून दिले. माझी तक्रार नाही. पोलिसांसमोरचा जबाब न धरणाऱ्या त्या कलमामुळेच त्या लहान मुलीला तिची आई राहिली. पण म्हातारा मात्र कागदोपत्री कासव मारणारा म्हणून गेला, आणि ते पुसण्याची सोय कुठल्याही कायद्यात नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. मी त्यांना सांगतो की कायदा हाताशी जो सापडेल त्याला धरतो. ट्रॉलर लांब असतो, चिमणी उंच असते आणि निळ्या दाराचे घर जीपच्या वाटेवर असते. समुद्र राखायचा तर लांबच्याला धरायला बोट लागते, डिझेल लागते, वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारी माणसे लागतात. हे काही नसले की परिपत्रकाचा मान राखायला गरीब माणूस उरतो. कासव वाचावे हे मला आजही मनापासून वाटते. तो कायदा चांगलाच आहे. पण तो वस्तीत पोचला तो थेट बेड्या घेऊन. आधी कोणी चालत जाऊन तो समजावून सांगितला असता, तर म्हाताऱ्याने कोणाला आणि काय म्हणून बोलवायचे हे त्याला कळले असते.

त्यानंतर त्या ठाण्यात होतो तोवर मी दर हंगामाआधी वस्त्यांत जाऊन पंचायतीच्या ओट्यावर बसत असे. कासव दिसले तर काय करायचे, कोणाला कळवायचे, जखमी कासवाची खबर दिली तर कोणालाही अटक होणार नाही, सगळे सांगत असे. लोक शांतपणे ऐकून घेत, मला चहा देत, आणि मी उठलो की आपल्या कामाला लागत. मेलेली कासवे वाहून येत होतीच, समुद्रावर फिरायला गेलो की मला ताज्या उकरलेल्या वाळूचे उंचवटे दिसत.

पुढल्या वर्षीच्या आढावा बैठकीत किनारी ठाण्यांचे आकडे वाचले गेले. कासवांबाबत आमच्या हद्दीतून एकही खबर नव्हती, एकही गुन्हा नव्हता. वरिष्ठ खूश झाले. सगळ्यांसमोर मला उभे करून म्हणाले, "शाबास. बाकीच्यांना सांगा, हे तुम्ही कसं साधलंत?"

"सर," मी म्हणालो, "तिथले लोक आता आम्हाला बोलावत नाहीत."

वरिष्ठांनी चष्मा नीट केला आणि पुढच्या ठाण्याचे नाव घेतले.